नमुना अठ्ठ्याऐंशी

कानाच्या पाळीतून एकच थेंब.
तो काचेवर ओढायचा, पातळ, जिभेसारख्या टोकाचा,
मिथेनॉल, मग गिम्सा, मग पंचेचाळीस मिनिटं
परळच्या तिसऱ्या मजल्यावर
माझा आणि पंख्याचा अबोला.

मग शोधायची तुती.
पुस्तकात तसंच लिहिलंय: पांढऱ्या पेशीच्या पोटात
जांभळ्या दाण्यांचा पुंजका, तुतीच्या फळासारखा.
शंभरातल्या चार काचांत दिसली तर दिसली.
बाकीच्यांत ताप असतो,
नाकातून ओघळलेलं रक्त असतं,
तुती नसते.
सर म्हणतात, हेमांगी, न दिसणं हाही निष्कर्षच,
फक्त तो नीट मोजलेला हवा.

कॉटन ग्रीनच्या गोदामांत एकवीस कुत्री.
तुळाजी मिठबावकर, रात्रपाळीचा वॉचमन,
एकेकाला मांडीत आवळून बसला,
तोंडाला पंचाची गाठ.
मी फॉर्म भरत होते: लिंग, अंदाजे वय,
हिरड्यांचा रंग, मालक: नाही.
"नाय म्हणजे काय? नाव लिव मगे."
कुणाचं, मालकाचं?
"कुत्र्याचा."
रकाना नव्हता. समासात लिहिली:
मास्तर. पावणी. अर्धा कान. लोडिंग. सुपारी.

सुपारी, अठ्ठ्याऐंशी. मादी, चार वर्षं,
हिरड्या चुन्याच्या भिंतीसारख्या.
प्लेटलेट मोजायला यंत्रानं नकार दिला,
मी हातानं मोजल्या. अकरा हजार.
दोन लाख असायला हव्यात.
गोळी तो पावात लपवून द्यायचा,
स्वतः आधी एक तुकडा खाऊन दाखवायचा.
नऊ दिवस.
दहाव्या दिवशी पाव तसाच.

प्रबंधात ती तक्ता सातमध्ये आहे,
खालून तिसऱ्या ओळीत,
अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी.
समास टाईप होत नाही.

मार्चात तो आला. तीन जिने चढून,
साखरपुड्याला जावं तसा इस्त्रीचा शर्ट.
"आमच्या सुपारीचा काय निघाला?"
माझ्याकडे होते ते शब्द सगळे लॅटिन.
म्हणून स्टूल पुढे ओढलं. काच बसवली, तेलाचा थेंब.
तो वाकला, एक डोळा गच्च मिटून,
बराच वेळ.
"पापणी दिसता. माझीच."
सगळ्यांना आधी तीच दिसते, म्हटलं,
मलाही आठवडाभर तीच दिसायची.
डोकं जरा मागे. अजून. थांबा.

पंखा फिरत राहिला.

"करवंदाचो घोस," तो म्हणाला.
बरोबर. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात
करवंदं नसावीत.
"एवढ्याशान खाल्ल्यान तिका?"
मग, डोळा न काढता: "येता खयसून ह्या?"
गोचिडीतून, म्हटलं.
त्यानं चष्मा पुसला, लावला, परत पुसला,
आणि चहा नको म्हणाला.

सोमवारी टेबलावर काडेपेट्या. सहा.
आत कापूस, कापसात गोचिडी,
काही अजून पाय हलवणाऱ्या,
वर विडीच्या बंडलाचा कागद, वाकडं अक्षर:
मास्तर, डावी काख.
पावणी, बोटांच्या बेचक्यात.
अर्धा कान, आसलेल्या कानात.

मंजूर आराखड्यात गोचिडी नाहीत.
त्यांच्यासाठी नवा अर्ज, सरांची सही,
स्पिरिटच्या बाटल्या, आणखी एक वर्ष.
मी बाटल्या धुवायला घेतल्या.

एक निसटली.
टेबलाखाली शोधली, ॲप्रनच्या खिशात,
वहीच्या शिलाईत, तासभर.
सापडली माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली,
मऊ जागा चाचपत.
चिमट्यानं उचलली, बाटलीत टाकली,
आणि लेबलवर लिहिलं, सवयीनं,
आधी नाव:
हेमांगी, डावं मनगट.